सार्जंट मॅकायची चाल

ऑकलंडजवळच्या पापाकुराच्या फिडल क्लबात एक रीत होती: चाल वाजवण्याआधी ती कुणाकडून घेतली ते सांगायचं. आजा, पणजा, बोटीवरचा खलाशी, कुणीही चाले. 'मीच रचली' म्हटलं की लोक चहाकडे वळत.

फार्मसिस्ट राजाराम १९९३ मध्ये तिथे पहिल्यांदा व्हायोलिन घेऊन उभा राहिला, तेव्हा खरं नाव ओठांपर्यंत येऊन परत गेलं. चाल त्याच्या वडिलांची होती. पुण्यात ते लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवत, आणि वरात चौकात अडली की नाचणाऱ्यांना दमवायला त्यांनी ती रचली होती. कॉलेजच्या फॉर्मवर मुलाने 'वडिलांचा व्यवसाय: संगीतशिक्षक' असं लिहिलं होतं. इतक्या लांब येऊनही ते खोडायची हिंमत झाली नाही.

"खडकीच्या छावणीतल्या एका स्कॉटिश सार्जंटची," तो म्हणाला. "मॅकाय. त्याने माझ्या आजोबांना शिकवली."

टाळ्या पडल्या. तीन वर्षांत चाल ऑकलंडभर झाली. त्याची बायको विनया अधूनमधून विचारी, "अहो, आपला सार्जंट बरा आहे ना?" नर्स होती; दुखरी जागा तिला नेमकी सापडे.

मग क्लबचा सेक्रेटरी कॉलिन याने चालींचं पुस्तक काढायचं ठरवलं आणि सार्जंटचे वंशज हुडकले. खडकीत एक मॅकाय खरंच होता. मॅकाय नव्हता अशी छावणी कुठे होती? रविवारी दुपारी दूर डनीडिनहून ऐंशी वर्षांच्या मिस मॅकाय आल्या. सोबत गणवेशातल्या वडिलांचा फोटो. चाल ऐकून त्या रडल्या.

विनया मागच्या रांगेतून नवऱ्याकडे नुसती बघत राहिली. राजारामने व्हायोलिन खाली ठेवलं.

"सार्जंट नव्हताच," तो म्हणाला. "मी खोटं बोललो. चाल माझ्या वडिलांची आहे. ते वरातीत वाजवायचे आणि मला त्याची लाज वाटायची."

मिस मॅकायनी त्याचा हात थोपटला. "किती नम्रपणे बोलता. म्हणजे माझ्या वडिलांनी थेट तुमच्या वडिलांनाच शिकवली."

"नाही, ऐका—"

"स्वीट अॅज, काही हरकत नाही," कॉलिनने पेन्सिल काढली. "तुमचे आजोबा खोडले. वडिलांचं नाव?"

राजारामने विनयाकडे पाहिलं. तिने मान खाली घातली होती. हातात फोटो धरून म्हातारी त्याच्या उत्तराची वाट बघत होती.

"कृष्णा," तो म्हणाला आणि एकेक अक्षर सांगू लागला. कॉलिनने ते नीट लिहून घेतलं, सार्जंटच्या खाली, शिष्य म्हणून.