नेर्मिनची ताटली

शेजारणीची ताटली रिकामी परत करायची नाही, हा इस्तंबूलच्या कुर्तुलुशमधल्या त्या जुन्या इमारतीचा अलिखित कायदा. त्यापायी खालच्या मजल्यावरच्या नेर्मिनची निळी ताटली महिनाभर पेरिहानताईंच्या ओट्यावर अडकून पडली होती. तिच्यातलं बोरेक, म्हणजे पातळ लाटलेल्या पोळ्यांत पालक भरून भाजलेला पदार्थ, केव्हाच फस्त झालं होतं. झालंही होतं झकास. पण तसं सांगायला जायचं तर ताटली न्यायला हवी, आणि न्यायची तर तिच्यात काहीतरी घालायला हवं.

पेरिहानताईंनी घालायचं म्हणजे सार्माच. द्राक्षाच्या पानात भात गुंडाळावा तर त्यांनी, करंगळीहून बारीक. या एका गुणावर त्यांनी जन्मभर अख्ख्या इमारतीला नावं ठेवली होती. खुद्द नेर्मिनचे सार्मे बघून त्या चारचौघींत म्हणाल्या होत्या, "बाई गं, हे खायचे, की यांनी बोरेक लाटायचं?"

आता त्यांचीच बोटं संधिवाताने आखडली होती. पान धरावं तर सुटे, गुंडाळावं तर अंगठ्याएवढं होई. हे कुणाला कळण्यापेक्षा मेलेलं बरं, असं त्यांचं मत. इकडे जिन्यात बातमी पसरली की ताईंनी बोरेक मांजरीला घातलं. नेर्मिनने वर येणं सोडलं. आणि खरं सांगायचं तर, ताईंचं दार वाजवणारी ती एकटीच होती.

शेवटी एका दुपारी ताईंनी नाक मुठीत धरून जाडेभरडे सार्मे ताटलीत रचले. तोंड दाखवायची हिंमत होईना, म्हणून ताटली वाणसामानाच्या टोपलीत ठेवून टोपली दोरीने खिडकीतून नेर्मिनच्या खिडकीपर्यंत सोडली.

नेर्मिनचा आवाज गल्लीभर घुमला. "ताई, हे कुणी केले?"

"मी!"

"खोटं! यांनी तर मीच बोरेक लाटीन!"

"अगं हळू बोल, भवाने!"

समोरच्या खिडक्यांत डोकी उगवली. ताई झटकन मागे सरकल्या. तोवर दार वाजलं. नेर्मिन घरातल्या सपाता घालूनच आली होती, तोंडात सार्मा होता.

"हात दाखवा."

"कशाला?"

"दाखवा म्हणते ना!"

ताईंनी हात पुढे केले. नेर्मिनचं चावणं थांबलं.

"हस आता," ताई म्हणाल्या. "तुझा हक्कच आहे."

"हसणारच आहे. पण उद्यापासून पानं घेऊन मी वर येते. मी गुंडाळीन, तुम्ही शेजारी बसून नावं ठेवा."

"लोक काय म्हणतील?"

"म्हणू देत. नावं ठेवायला बोटं थोडीच लागतात? जीभ तर ठणठणीत आहे तुमची."

ताईंना रडू फुटलं. रडता रडताच त्या म्हणाल्या, "पण पानं मी सांगेन त्याच दुकानातून आण. तुला पानांतलं काही कळत नाही."