बाईंची फळी, मिस्त्रींच्या रेघा

मी एक फळी बोलतेय. मी दाराची नाही आणि मांडणीचीही नाही. चित्र काढताना कागदाखाली ठेवतात ना, ती. शाळेतली मुलं मला बोर्ड म्हणायची, पण बाई फळीच म्हणायच्या, म्हणून मीही स्वतःला फळीच समजते.

माझ्यावर काढलेलं चित्र मला कधी दिसत नाही, कारण मी त्याच्याखाली असते. मला कळतो तो पेन्सिलीचा दाब. कुणाचा हात घाबरलाय, कुणाला घाई आहे, कोण शेजारच्याचं बघून काढतंय, ते मला कागदातून समजतं. बाकी कान आहेतच.

बाई एकोणीस वर्षांच्या असताना त्यांच्या वडिलांनी मला करून घेतलं. कपाट करताना उरलेल्या प्लायवूडचा तुकडा होता. सुताराने कडा घासघासून गुळगुळीत केल्या, वर स्वतःचा तळवा फिरवून पाहिला आणि मगच मला बाईंच्या हातात दिलं. पुढे बाई शाळेत चित्रकला शिकवायला लागल्या आणि एकतीस वर्षं मी त्यांच्याबरोबर वर्गात गेले. अंगावर टाचण्यांची इतकी भोकं आहेत की मोजायला बसलात तर दिवस मावळेल.

नवख्या मुलाला बाई पहिले पंधरा दिवस चित्र काढूच देत नसत. पट्टी न लावता आडव्या रेघा, उभ्या रेघा, तिरप्या रेघा. मग वर्तुळं. मग खोकी. मुलं रडकुंडीला येत, फूल कधी काढायचं विचारत. बाई ऐकून न ऐकल्यासारखं करत. आणि ‘चुकलं’ हा शब्द त्या सहसा वापरत नसत. चुकलेल्या जागी बोट ठेवत आणि म्हणत, “इथे परत बघ.” बघायचं कागदाकडे नसायचं. समोर ठेवलेल्या वस्तूकडे बघायचं असायचं. हे समजायला काही मुलांना अख्खं वर्ष लागायचं.

बाई निवृत्त झाल्या आणि माझी रवानगी कपाटामागच्या फटीत झाली. एकदा खिडकीची काच फुटली तेव्हा दोन महिने मी काचेच्या जागी उभी होते. पाणी लागून माझा एक कोपरा फुगला. नवी काच आली, मी परत फटीत. तिथे मी तक्रार न करता राहिले, कारण तिथून बाईंचा आवाज ऐकू यायचा.

एका सकाळी तो आवाज बंद पडला.

बाई आंघोळ करून आल्या होत्या. केस पुसता पुसता टॉवेल हातातून गळला. उचलायला वाकल्या तर उजवा हात उचलेना, हाक मारायला गेल्या तर तोंडातून नुसता घरघर आवाज. पक्षाघात. बारा दिवस दवाखान्यात काढून घरी आल्या तेव्हा उजवा हात मांडीवर पडलेला होता, ओठांची उजवी कड खाली ओढली गेली होती आणि अख्ख्या भाषेतला एकच शब्द त्यांच्याकडे उरला होता: उद्या.

पाणी हवंय का? उद्या. दुखतंय का? उद्या. रागावल्या तरी उद्या आणि रडल्या तरी उद्या. बोललेलं त्यांना बरंचसं समजायचं, पण सांगायला गेलं की तोच शब्द बाहेर पडायचा. लिहून दाखवायला गेल्या तर अक्षरं सापडेनात.

बाईंच्या यजमानांना सगळी गल्ली मिस्त्री म्हणते. चाळीस वर्षं गाड्या दुरुस्त केल्या. इंजिनाच्या आवाजावरून दुखणं ओळखणारा माणूस, पण बायकोच्या एका शब्दापुढे त्यांनी हात टेकले. पाणी द्यावं तर ती उशी मागत असायची, उशी द्यावी तर खिडकी. घरात सगळे जपून बोलायचे आणि तरी दिवसातून दोनदा कुणीतरी रडायचं. लेक नोकरी सांभाळून आईचं करत होती. तिचा जीव मेटाकुटीला आला होता.

बोलायला शिकवणाऱ्या ताई आठवड्यातून दोनदा यायच्या. त्यांनी सांगितलं, चित्रं दाखवून विचारा. विकतची छापील चित्रं आणली, ती बाईंनी डाव्या हाताने भिरकावली. लेकीने फोनवर फोटो काढले, पण ती फोन घेऊन कामावर जायची आणि मिस्त्रींचा फोन बटणांचा. मग ताई मिस्त्रींना म्हणाल्या, तुम्हीच काढा. त्यांच्यासमोर बसून काढलंत तर त्या मध्येच थांबवू तरी शकतील.

“मी?” मिस्त्री म्हणाले. “मला सरळ रेघ येत नाही.”

“तुमच्या घरात शिक्षिका आहे,” ताई म्हणाल्या.

अशी मी फटीतून बाहेर आले. मिस्त्रींनी ओल्या फडक्याने मला पुसलं आणि गुडघ्यांवर घेतलं. पहिलंच चित्र पाण्याच्या पेल्याचं. पेन्सिल त्यांनी पान्यासारखी धरली होती आणि नट आवळावा तसा जोर लावत होते. मला वाटलं, आज मी आरपार फुटते. टोक दोनदा मोडलं. शेवटी चित्र बाईंसमोर धरलं. बाईंनी बघितलं आणि अर्ध्या ओठाने हसल्या. दवाखान्यातून आल्यापासूनचं पहिलं हसू.

“बादली वाटतेय का?” मिस्त्रींनी विचारलं.

“उद्या,” बाई म्हणाल्या आणि यावेळी त्याचा अर्थ सगळ्यांना कळला.

पण हसून झाल्यावर त्यांनी पेन्सिल मागून घेतली. डाव्या हाताने कागदावर एक आडवी रेघ ओढली, वेडीवाकडी. तिच्याखाली दुसरी. मग पेन्सिल मिस्त्रींच्या पुढे सरकवली. म्हणजे, रेघांपासून सुरुवात.

आठ दिवस मिस्त्रींनी नुसत्या रेघा ओढल्या. हात मनगटातून हलवायचा नाही, खांद्यातून हलवायचा, हे बाईंनी त्यांचा खांदा थोपटून थोपटून शिकवलं. मग वर्तुळं आली. मग पुन्हा पेला, आणि तिथे दोघांची जुंपली. मिस्त्री पेल्याचं तोंड गोल गरगरीत काढायचे. बाई त्यावर बोट ठेवायच्या. मिस्त्री पुन्हा गोल काढायचे.

“अगं, गोलच असतं तोंड. मी रोज त्यातून पाणी पितो,” ते वैतागून म्हणाले.

बाईंनी पेला उचलला आणि त्यांच्या डोळ्यांसमोर धरला. समोरून तोंडाची नुसती रेघ दिसत होती. मग पेला हळूहळू खाली नेला. रेघ उघडत उघडत चपट्या लंबगोलासारखी झाली, मग रुंद. मिस्त्रींनी पेला घेऊन स्वतः वर-खाली करून पाहिला. त्या दिवसापासून त्यांची पेन्सिल पूर्वीपेक्षा हळू चालायला लागली. एक रेघ ओढायची, थांबायचं, वर बघायचं. थांबणं मला फार छान कळतं. त्यावेळी टोक कागदावर टेकलेलं असतं, पण दाबत नाही.

महिन्याभरात पंचवीस-तीस चित्रं झाली. पेला, उशी, खिडकी, पंखा, चष्मा. बाई बोट ठेवून मागायच्या. घरातलं रडणं थोडं कमी झालं.

आणि मग गोळ्यांचं प्रकरण झालं.

सुट्टीच्या दिवशी लेकीने नवी औषधं आणली आणि आठवड्याच्या कप्प्यांच्या डबीत सगळ्या गोळ्या भरून ठेवल्या. सोमवारी सकाळी बाईंनी गोळ्या घेतल्या. दुपारी त्यांना दरदरून घाम फुटला, हातपाय थरथरले. साखरपाणी दिल्यावर बरं वाटलं. अशक्तपणा असेल, असं सगळे म्हणाले.

मंगळवारी बाईंनी तोंड मिटून घेतलं. बाकीच्या गोळ्या गिळायच्या, एक बारकी पांढरी गोळी मात्र थुंकायच्या. डबी ढकलून द्यायच्या, “उद्या, उद्या” म्हणायच्या. लेकीला वाटलं, आई उद्या घेते म्हणतेय. तिने समजावलं, मग ती चिडली. डॉक्टरांनी बजावलं होतं, एकही गोळी चुकता कामा नये, नाहीतर पुन्हा झटका येईल. तीच भीती घेऊन ती रात्रंदिवस वावरत होती.

बुधवारी सकाळी ती म्हणाली, कुटून जेवणात मिसळून देऊ. मिस्त्रींनी मान डोलावली नाही, पण नाहीही म्हणाले नाहीत. आधी एकदा सरळ देऊन बघू, एवढंच म्हणाले. आणि मग जे झालं ते सांगायला मला बरं वाटत नाही. बाई तोंड उघडेनात तेव्हा मिस्त्रींनी त्यांची हनुवटी धरली. जोराने धरली. लेकीने गोळी आत सरकवली. बाईंनी मान हिसडली आणि गोळी बाहेर फेकली. ती टपकन माझ्यावर पडली, कोऱ्या कागदावर.

बाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मिस्त्रींनी आपला हात पाहिला आणि तो लपवावा तसा मांडीखाली घेतला.

मग त्यांनी मला गुडघ्यांवर ओढलं. गोळी तिथेच होती. तिच्याशेजारी त्यांनी एक वर्तुळ काढलं. “ही नको?” त्यांनी विचारलं. बाईंनी वर्तुळाच्या मधोमध बोट ठेवलं.

मिस्त्रींनी गोळीकडे परत बघितलं. पुन्हा काढली, जास्त नीट, कडेला छाया देऊन. बाईंनी पुन्हा मधोमध बोट ठेवलं. मिस्त्रींना मधे काहीच दिसत नव्हतं. गोळी गुळगुळीत होती.

बाईंनी पेन्सिल हिसकावली. डाव्या हाताने त्या वर्तुळावर एक रेघ ओढली, या कडेपासून त्या कडेपर्यंत.

“बघा बाबा, काट मारली,” लेक म्हणाली. “नकोच म्हणतेय ती. आपण कुटूनच देऊ.” ती खलबत्ता आणायला उठली.

ती काट नव्हती. मला ते कळलं होतं, पण मला कोण विचारतंय? काट मारणारा हात जोरात सुटतो. हा हात कडेला टेकला, धडपडत पुढे गेला आणि पलीकडच्या कडेला येऊन मुद्दाम थांबला. मी माझ्या भोकाभोकांतून ओरडत होते आणि मिस्त्री नुसते बघत बसले होते. आत खलबत्त्याचा आवाज झाला.

“थांब गं,” मिस्त्री म्हणाले. “काट असती तर बाहेर गेली असती. ही आतच थांबलीय. ही गोळीवरची रेघ आहे.”

ते उठले आणि औषधांचा जुना खोका उपडा केला. लेकीने नवं पाकीट फोडल्यामुळे जुन्या पाकिटात दोन गोळ्या तशाच राहिल्या होत्या. मिस्त्रींनी एक काढून माझ्यावर ठेवली, थुंकलेल्या गोळीशेजारी. तेवढीच बारकी, तेवढीच पांढरी. पण तिच्या मधोमध एक खाच होती, या कडेपासून त्या कडेपर्यंत.

लेक दोन्ही पाकिटं खिडकीपाशी घेऊन गेली आणि अक्षरं जुळवून वाचायला लागली. नावात फक्त दोन अक्षरांचा फरक होता.

डॉक्टरांना फोन केला. किती गोळ्या पोटात गेल्या, हा त्यांचा पहिला प्रश्न. एक, सोमवारची. ती रक्तातली साखर उतरवणारी गोळी होती, आणि बाईंना साखरेचा आजारच नव्हता. रोज गेली असती तर एखाद्या दिवशी बाई शुद्धीवर आल्या नसत्या, असं डॉक्टर म्हणाले. लगेच तपासायला आणा म्हणाले. तपासणी ठीक निघाली. संध्याकाळी मिस्त्री औषधाच्या दुकानात गेले. दुकानदार चष्मा काढून दोन्ही पाकिटं बघत राहिला आणि नावं फार सारखी आहेत म्हणाला. मिस्त्रींनी त्याला सांगितलं, नट सारखा दिसला म्हणून दुसऱ्या गाडीचा लावला तर चाक निघून जातं, आणि आत माणसं बसलेली असतात. दुकानदाराने मान खाली घातली. त्यांच्यासमोरच त्याने त्या दोन औषधांचे खण वेगळे केले.

लेक आईच्या मांडीवर डोकं ठेवून बराच वेळ रडली. बाई तिच्या केसांतून डावा हात फिरवत होत्या. मिस्त्री दारात उभे होते. ते जवळ आले आणि म्हणाले, “हनुवटी धरली मी तुझी. तू सांगत होतीस आणि मी हनुवटी धरली.” बाईंनी त्यांचं मनगट पकडलं आणि माझ्याकडे वळवलं. त्या दिवशीचा सराव राहिला होता.

याला आता वर्ष होत आलं. माझा फुगलेला कोपरा सुटत चाललाय, मधून मी थोडी वाकलेयही. मिस्त्रींनी पाठीमागून दोन पट्ट्या ठोकून मला सरळ केलंय. बाईंना आणखी तीन शब्द आले आहेत, त्यातला एक ‘नको’ आहे आणि तो त्या भरपूर वापरतात. तुमच्या घरात अशी एखादी फळी कपाटामागे पडली असेल तर तिला सरपणात देऊ नका. आणि कुणी पुन्हा पुन्हा एकाच जागी बोट ठेवत असेल, तर हट्टी म्हणण्याआधी एकदा तिथे बघा.

आज सकाळी मिस्त्रींनी पहिल्यांदा बाईंचा चेहरा काढायला घेतला. तासभर लागला. दाखवल्यावर बाईंनी ओठांवर बोट ठेवलं. मिस्त्रींनी ओठ सरळ काढले होते, पूर्वीसारखे.

“असू दे ना,” मिस्त्री म्हणाले. “मला तसेच दिसतात.”

बाईंनी बोट काढलं नाही. मिस्त्रींनी रबर घेतलं. मग वर बघितलं, खूप वेळ बघितलं आणि ओठांची उजवी कड खाली उतरवली, जितकी उतरलीय तितकी. बाईंनी कागद आपल्याकडे ओढला. चित्रातल्या त्या कडेवर अंगठा टेकवून बसून राहिल्या. मग कागद काढून बाजूला ठेवला, नवा लावायला सांगितला आणि मला स्वतःच्या मांडीवर घेतलं.

आता त्या मिस्त्रींचं चित्र काढणार आहेत. डावा हात अजून थरथरतो, आणि मिस्त्रींना गप्प बसवत नाही. त्यामुळे निदान मला तरी स्थिर राहायला हवं. येते मी.