ट्रॅक्टरच्या पोटातलं दूध

चांदवडजवळच्या त्या मळ्यात सकाळपासून रांग लागली होती. कुणाच्या हातात तांब्या, कुणाच्या वाटी. रांगेच्या टोकाला योगेशचा छोटा ट्रॅक्टर हार घालून उभा होता आणि मागच्या पेटीखालून थेंबथेंब पांढरं दूध गळत होतं.

"गोमाता यंत्रात उतरली," शेजारी पाटावर बसलेले गोपाळबाबा सांगत होते. "डिझेल पिते, दूध देते. एक चमचा घ्या. बीपी, शुगर, कोर्टकचेरी, समदं मार्गी."

योगेशने दुरुस्तीला बोलावलेला गेणू मिस्तरी रांग पाहूनच दमला. तीस वर्षं ट्रॅक्टरखाली झोपून कंबर गेली होती. असले चमत्कार त्याने दोन गावांत समजावून पाहिले होते. दोन्हीकडे शिव्या खाल्ल्या होत्या.

"नाना, लिफ्ट रोटाव्हेटर उचलत नाय," योगेश त्याला हळूच म्हणाला. "लिफ्टचा पंप कण्हतोय. बाबा म्हणतात गाय जुंपू नका. पण रोटाव्हेटर फिरवून कांद्याचं रान तर भुसभुशीत करायला पायजे."

गेणूने तेल मोजायची पट्टी ओढून पाहिली. पांढरा फेस. तेल भरायच्या तोंडाला झाकण नव्हतं, नुसतं फडकं कोंबलेलं.

"ट्रॅक्टर धुतला का?"

"मागच्या आठवड्यात. फवारा मारून."

एवढं पुरेसं होतं. तेल बदलावं आणि गपचूप घरी जावं, असं गेणूच्या मनात आलं. तेवढ्यात योगेशची आई कुसाबाई वाटी घेऊन सुनेकडे गेली. हर्षालीला सहावा महिना होता.

"कितवा दिवस, पोरी?" गेणूने विचारलं.

"चौथा. लय मळमळतं. बाबा म्हणतात, दोष बाहेर पडतोय."

गेणूने वाटी काढून घेतली. रांगेत कुजबुज झाली. त्याने पिशवीतलं नवं तेल एका बाटलीत ओतलं, सोनेरी, स्वच्छ. कुसाबाईच्याच तांब्यातलं पाणी त्यात घातलं आणि बाटली तिच्या हातात दिली.

"तुम्हीच हलवा."

कुसाबाईने ताक घुसळावं तशी बाटली हलवली. तेल पांढरं झालं. रांगेतले लोक बाटली बघायला पुढे सरकले.

"पंप हेच करतो," गेणू म्हणाला. "फवाऱ्याचं पाणी त्या फडक्यातून आत गेलं. पंपाने ते तेलात घुसळलं. फेसाला जोर नसतो, म्हणून लिफ्ट उचलत नाय. गाय नाय ही. पंप मरतोय."

"ते बनावट," बाबा म्हणाले. "हे अस्सल."

"मग वाटीभर घ्या."

"माझा आज उपवास हाय."

कुसाबाईने बाबांकडे पाठ फिरवली. मग योगेशला म्हणाली, "गाडी काढ. हिला दवाखान्यात ने."

दुपारी दवाखान्यातून योगेशचा फोन आला. डॉक्टर रागावले होते, पण बाळाचे ठोके ठीक होते. तोवर गेणूने तेल बदललं होतं, गाळणी धुतली होती, नवं झाकण बसवलं होतं. रोटाव्हेटर उचलला गेला. बाबा निघून गेले होते, पण रांगेतले पाचसहा जण अजून रेंगाळत होते.

"मिस्तरी, ते काढलेलं तेल टाकणार असाल तर..." एकाने विचारलं.

गेणू चाकाला टेकून खाली बसला. ओरडायचं त्राण नव्हतं.

"देव माना, नका मानू, तुमचं तुम्ही बघा," तो म्हणाला. "पण उद्या कुठून काही गळालं, तर तोंडाला लावायच्या आधी एवढंच विचारा, हे आलं कुठून? दर वेळी मी इथं नसणार."