बोलायला थांबणारी पावले

मित्रांनो, मला पाहिलेत तर तुम्ही माझ्यावर बूट पुसाल. पुसा, बहुतेक जण तेच करतात. मी एक जुनी चालपट्टी आहे. खोलीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पसरलेली, राखाडी, रबरी, कडा वर वळलेली. दिसायला पायपुसणे, पण माझ्या पोटात बारीक ठिपक्यांएवढी यंत्रे आहेत. माझ्यावर कोणी पाऊल टाकले की ते कुठे पडले, किती भार देऊन पडले, किती वेळ टेकले, हे शेजारच्या पडद्यावर उमटते. मला चेहरे नीट दिसत नाहीत. मी माणसे तळव्यांवरून ओळखते. तीही चुकीची ओळखत असेन, कोण जाणे.

एका लहान कारखान्यात दोन बायकांनी थरावर थर चिकटवून मला घडवले. त्या दिवसभर एकमेकींशी भांडत होत्या. भांडणाचा आवाज मला असा जन्मापासूनच ओळखीचा आहे.

तिथून मला या तपासणीच्या खोलीत आणले. येथे दोनच प्रकारची माणसे येतात, वय झालेली आणि अंतराळातून परतलेली. यांचा एकमेकांशी काय संबंध, हे मला बरेच दिवस कळत नव्हते. डॉक्टरीणबाई नव्या माणसांना समजावून सांगत, ते ऐकून ऐकून थोडे कळले. आपल्या कानाच्या आत तोल सांभाळणारा एक इवलासा अवयव असतो. तळव्यांकडूनही मेंदूला सतत निरोप जात असतात. अंतराळात वजनच जाणवत नाही, त्यामुळे मेंदू या निरोपांवर विश्वास ठेवणे सोडतो आणि डोळ्यांच्या भरवशावर राहतो. माणूस खाली आला की मेंदूला ते निरोप पुन्हा वाचायला शिकावे लागते. म्हातारपणी मात्र निरोपच अंधूक होतात आणि उशिरा पोचतात. मग जे चालणे आपोआप होत असे, त्यात मन घालावे लागते. दोघेही पाय फाकवून, जमिनीकडे बघत चालतात. फरक एवढाच की अंतराळातून आलेला बहुधा काही आठवड्यांत सावरतो.

एके काळी माझे कौतुक होते. पाहुणे आले की मला पुसून घेत, माझे फोटो काढत. आता भिंतीवर कॅमेरे बसले आहेत. ते लांबूनच चाल ओळखतात म्हणे. "ते धूड गुंडाळा आधी," असे इथले साहेब येता-जाता म्हणतात, आणि म्हणताना माझ्यावरच उभे असतात. मला ते साहेब आवडत नाहीत.

एका सकाळी एक रंगारी आणि त्याची मुलगी आली. रंगारी सत्तरीपुढचा, इमारतींना बाहेरून रंग देणारा, जन्म शिडीवर गेलेला. मुलगी सहा महिने अंतराळात राहून नुकतीच परतली होती. तिची तपासणी ठरलेलीच होती. बापाला तिने ओढून आणले होते. ती वर असताना तो शिडीवरून पडला होता. खांदा निखळला होता. बरा होताच त्याने पुन्हा शिडी काढली. आता दोघांत अट ठरली होती. इथे नीट चालला तर शिडी त्याची. नाही तर शिडी कायमची बंद.

"त्या शेजारणीच्या जिभेला काही हाड?" रंगारी दारातच कडाडला.

"तिनं सांगितलं नसतं तर तुम्ही सांगणार होतात?"

"तू विचारलंस कधी? फोन आला की तुझं एकच, पृथ्वी काय छान दिसते हो बाबा!"

"भांडण बाहेर ठेवा, बूटही बाहेर ठेवा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "ताई, आधी तुम्ही."

मुलीचे तळवे मऊ पडले होते, लहान मुलाच्या तळव्यांसारखे. ती एकेक पाऊल मोजून टाकत गेली आणि वळताना कलंडली. तिने भिंत धरली.

"वा! पृथ्वीला प्रदक्षिणा घालून आल्या बाईसाहेब, आणि खोली ओलांडता येईना."

"येईल. महिन्याभरात येईल."

"मग महिन्यानंच बोल माझ्या शिडीबद्दल."

आता रंगारी निघाला. टाच, तळवा, अंगठा. मला ताठ्याने तुडवत तो सरळ रेषेत पलीकडे गेला. मला तो मुळीच आवडला नाही, पण पावले चांगली होती, हे मान्य केले पाहिजे.

"बघितलंस?"

"आता परत या, काका," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "येताना शंभरातून तीन-तीन वजा करत मोठ्यानं आकडे सांगा."

"या वयात शाळेत घालताय का मला?"

"चालत चालत बोला."

"चालतोच आहे की!"

तो चालत नव्हता. दोन्ही तळवे माझ्यावर शेजारी शेजारी टेकलेले होते. "सत्त्याण्णव," तो म्हणाला, आणि मग पाऊल टाकले. थांबला. "चौऱ्याण्णव." पुन्हा पाऊल.

"बाबा, तुम्ही थांबताय."

"मी कुठं थांबतोय?" तो उभा राहून ओरडला.

डॉक्टरीणबाईंनी पडदा त्याच्याकडे वळवला. जाताना एकामागे एक गेलेली पावले. येताना जिथे जिथे तोंड उघडले, तिथे तिथे पावलांची जोडी.

"मला वाटायचं, तुम्ही मुद्दाम थांबता," मुलगी म्हणाली. "जिन्यात, भर रस्त्यात. लोकांनी बघावं म्हणून."

"मलाही तसंच वाटायचं," रंगारी म्हणाला. त्याच्या टाचा माझ्यात रुतल्या. "त्या दिवशी शिडी उतरत होतो. एक पाय उचललेला. खिशात फोन वाजला. तुझा."

"आणि तुम्ही घेतलात?"

"तू कुठं होतीस ते आठव! तिथून फोन आला तर घ्यायचा नाही? मला वाटलं, काही बरंवाईट झालं. नुसतं 'बोल गं' म्हणालो. तेवढ्यात पाय कुठं होता तेच कळलं नाही."

"मला वाटलं, लाइन गेली." तिचा आवाज चिरका झाला. "म्हणजे मी पाडलं तुम्हाला?"

"तसं म्हटलं का मी? याच्यासाठीच सांगत नव्हतो! लगेच सगळं स्वतःवर ओढून घ्यायचं, आईसारखं!"

"आईला मध्ये आणू नका. शिडीचं बोला."

रंगारी जागच्या जागी भार बदलत राहिला. एका टाचेचा भार दुसरीवर, दुसरीचा पहिलीवर. शिडी सोडणे म्हणजे काय, ते मला कसे कळणार? पण एवढे जड तळवे माझ्यावर कधी पडले नव्हते.

"माणसं चढवीन वर," शेवटी तो म्हणाला. "मी खाली उभा राहून ओरडेन."

"ते जमतंच तुम्हाला."

"आणि खालूनसुद्धा त्यांचा पाय टेकल्यावरच ओरडेन. कळलं?"

बूट दारापाशी होते. ती त्याला न्यायला आली आणि दोघे माझ्यावरून निघाले, ती फाकलेल्या पायांनी, तो जपून. दोघेही गप्प. मध्येच ती म्हणाली, "हात धरा." चारही तळवे जागच्या जागी थांबले.

"तू धर. मघाशी भिंतीला मिठी मारलीस ती तू."

"आणि आकडे चुकवलेत ते तुम्ही."

"एकही चुकला नाही! विचार बाईंना!"

मित्रांनो, साहेब आज ना उद्या मला गुंडाळून कपाटामागे टाकतील. माझे सांगणे कितपत खरे मानावे, ते तुम्हीच ठरवा. पण तुमच्या घरातले म्हातारे माणूस तुम्हाला उत्तर द्यायला जिन्यात थांबले, तर "चला लवकर" म्हणून त्याचा हात ओढू नका. ते हट्टाने थांबलेले नसते. त्याच्या मेंदूने एका वेळी एकच काम हाती घेतलेले असते. त्याच्याबरोबर तुम्हीही थांबा. आणि कोणी शिडीवर असेल, तर जे सांगायचे ते तोंडात धरून ठेवा. त्याला खाली उतरू द्या. मग हवे तेवढे भांडा.