‘घे’ म्हणून दिलेला चेंडू

रविवार, १२ ऑक्टोबर २०२५. सकाळी धुकं. दुपारी लख्ख आणि कोरडं. पश्चिमेकडून मंद वारा, मैदान टणक.

मी रॉसकॅरा गावच्या संघाचा चेंडू बोलतोय. गेलिक फुटबॉलचा; म्हणजे मला हातातही धरतात आणि लाथाही मारतात. तक्रार नाही. चामड्याचे तुकडे शिवून मला बनवलं, तेव्हाच दोन्ही गोष्टी ठरलेल्या होत्या.

दोन वर्षांपूर्वी अँब्रोस कीवनींनी मला पेटीतून बाहेर काढलं. ते शाळेची बस चालवतात आणि संध्याकाळी संघाला शिकवतात. त्यांनी मला पहिल्यांदा फेकलं ते कर्णधाराकडे, मॅलकी टूहीकडे. मॅलकी गवंडी आहे, वय एकोणचाळीस. हात खरखरीत, पण पकड चांगली.

वेळकाढूपणात मॅलकी उस्ताद होता. संघ एका गुणाने पुढे असला की त्याच्या बुटाची नाडी सुटायची. समोरच्या संघाला फ्री किक मिळाली की मला पोटाशी धरून तो चार पावलं चालायचा, आणि मग हातातून निसटल्यासारखं करून कुंपणाकडे घरंगळवायचा. मी काट्यांत पडून असायचो. घड्याळ चालू असायचं. प्रेक्षकांतले निम्मे शिव्या द्यायचे, निम्मे टाळ्या वाजवायचे. पुढच्या सामन्यात शिव्या देणारे आणि टाळ्या वाजवणारे बदलायचे.

यंदा नियम बदलला. समोरच्या संघाला किक मिळाली की चेंडू थेट त्यांच्या हातात द्यायचा. दिला नाही किंवा दूर टोलवला, तर त्यांची किक पन्नास मीटर पुढे.

अँब्रोसनी याचा धसका घेतला. उन्हाळाभर एकच सराव: शिट्टी वाजली की मला समोरच्याच्या हातात ठेवायचं आणि तोंडाने ‘घे’ म्हणायचं. विसरला त्याने मैदानाला एक फेरी मारायची. मे महिन्यातल्या एका संध्याकाळी मॅलकीने नऊ फेऱ्या मारल्या.

“मास्तर, माझा घोडा करताय तुम्ही,” तो धापा टाकत म्हणाला.

“घोडा असतास तर एव्हाना शिकला असतास. पळ!”

ऑगस्टपर्यंत त्याचे हात डोक्याला न विचारता मला देऊन टाकू लागले.

आज अंतिम सामना होता, बॅलीनेरशी. रॉसकॅराने करंडक एकेचाळीस वर्षांत पाहिलेला नाही. मॅलकीचा हा शेवटचा सामना. त्याच्या गुडघ्याने तसं कधीच कळवलं होतं.

शेवटचं मिनिट सुरू झालं तेव्हा रॉसकॅरा एका गुणाने मागे होता. मैदानाच्या मध्यावर मॅलकीने मला उडी मारून झेललं. बॅलीनेरच्या काहल गिलरॉयने मागून त्याचा शर्ट ओढला. शिट्टी वाजली. फ्री किक मॅलकीची होती.

मॅलकीने मला काहलच्या हातात ठेवलं आणि म्हणाला, “घे.”

काहलला वाटलं किक आपली. पंचांकडे त्याची पाठ होती. त्याने मला उचलून लांब टोलवलं, आणि मी रॉसकॅराच्या गोलामागच्या कुंपणात जाऊन पडलो.

मला परत आणेपर्यंत पंच फिंटन कार्बेरी पन्नास मीटर चालत बॅलीनेरच्या खांबांसमोर पोचले होते. आता अंतर वीस-बावीस मीटर. तिथून आडव्या दांडीवरून मारलं की एक गुण, म्हणजे बरोबरी. एवढं कुणीही मारतं.

काहल धावत आला. “अहो, त्यानेच दिला की मला! ‘घे’ म्हणाला!”

“तू काय भिकारी आहेस, दिलं ते घ्यायला?” रॉसकॅराच्या बाजूने कुणीतरी ओरडलं.

मी दोघांच्याही हातात होतो. मला कुणी विचारलं नाही.

मॅलकी लंगडत फिंटनजवळ आला. “तो खरं बोलतोय. मीच दिला.”

“मॅलकी, तोंड बंद ठेव!” बाहेरून अँब्रोस.

“मुद्दाम दिलास?” फिंटननी विचारलं.

“नाही हो. सवयीने.”

“मी मागे जाऊ म्हणतोस? काय बोलतोयस कळतंय ना?”

“कळतंय. वेळ त्याने काढला नाही, फिंटन. वेळ कसा काढतात ते मला विचारा.”

काहलला हसू आलं, पण त्याने ते आवरलं. फिंटन मला काखेत धरून पन्नास मीटर मागे आले आणि मध्यावर मला गवतावर ठेवलं. “अजून एक किक, आणि संपलं,” ते म्हणाले.

मॅलकीने स्वतःच मारली. जोरात मारली. मी खांबांच्या अलीकडेच उतरलो, बॅलीनेरच्या गोलरक्षकाच्या छातीवर. शिट्टी वाजली. अँब्रोस बाकावर बसले. काहलने येऊन मॅलकीशी हात मिळवला.

आता मी जाळीच्या पिशवीत आहे. एका शिवणीतून हवा जाते. उद्या-परवा कुणी पंप आणला तर ठीक, नाही तर मीही निवृत्त. विनंती एकच, निकाल तेवढा नीट लिहून घ्या.

बॅलीनेर: पंधरा गुण. रॉसकॅरा: तीन गुणांचा एक गोल आणि वर अकरा, म्हणजे चौदा.