हाडमोड्या म्हणतात मला

मित्रांनो, मी एक जुने, हाडे मोडणारे यंत्र आहे. प्रयोगशाळेत मला लाडाने 'हाडमोड्या' म्हणतात. घाबरू नका, कुणा जिवंत प्राण्याच्या केसालाही मी धक्का लावलेला नाही!

माझा जन्म वेल्डिंगच्या दुकानात झाला. हाडांवर संशोधन करणाऱ्या ताईंना विकतचे यंत्र परवडेना, म्हणून त्यांच्या मामांनी भंगारातल्या लोखंडाचे दोन खांब उभे केले. खांबांवर कोंबडीचे हाड आडवे ठेवायचे, मधोमध बादली टांगायची आणि नळीने हळूहळू पाणी सोडायचे. हाड मोडले की पाणी बंद करून बादलीचे वजन करायचे. वजन जास्त, तर हाड बळकट. झाले माझे शास्त्र!

"बादलीने हाड मोजणार?" विभागातले सर हसले. ताईंनी वाद घातला नाही. कोंबड्यांच्या डाव्या पायांची हाडे त्यांनी दुसऱ्या संस्थेतल्या मोठ्या यंत्राकडे पाठवली, उजवी माझ्यावर मोडली. आकडे जवळजवळ जुळले. सर स्वतः मला बघायला आले. लोखंडाला छाती असती, तर माझी तेव्हा फुगलीच असती.

पण माझा खरा मानाचा दिवस पुढे आला. ताईंची भाची धावपटू होती. तिच्या मोडलेल्या पायाच्या हाडाला स्क्रूंनी बसवलेली धातूची पट्टी डॉक्टरांनी नुकतीच काढली होती.

"मावशी, स्पर्धा तोंडावर आलीय. दुखत तर काहीच नाही, मग धावू का नको?"

"अगं, स्क्रूंची भोकं अजून भरली नाहीत."

ती ऐकेचना. मग ताईंनी तिला माझ्यासमोर बसवले. कोंबडीच्या एका पायाचे अख्खे हाड मोडायला बादली काठोकाठ भरावी लागली. त्याच कोंबडीच्या दुसऱ्या पायाच्या हाडाला ताईंनी बारीक भोक पाडले. बादली अर्धी भरते न भरते तोच कट्ट! हाड नेमके भोकापाशी मोडले.

भाचीचा हात आपसूक पायावर गेला. "डॉक्टर म्हणतील तेवढं थांबते," ती हळूच म्हणाली.

ती थांबली. पुढच्या वर्षी पळाली, जिंकली आणि पदक घेऊन आधी माझ्याकडे आली. मामांनी ते कौतुकाने माझ्या खांबावर अडकवले.

नंतर मोठे यंत्र आले आणि मी कपाटामागे गेलो. गंज चढला. पण एके दिवशी एका लहान महाविद्यालयातल्या बाई मोजपट्टी घेऊन आल्या आणि माझी मापे घेऊन त्यांनी माझ्यासारखा दुसरा बनवून घेतला. आज माझी भावंडे कितीतरी ठिकाणी कामाला आहेत!

मित्रांनो, साधे यंत्र म्हणून आम्हाला अडगळीत टाकू नका. सांडलेले पाणी पुसा, अधूनमधून तेलाचा हात फिरवा. आणि डॉक्टर थांबा म्हणाले, तर थांबा. मोडून दाखवायला मी आहे. तुम्ही आपली हाडे जपा.