मासोळीची नऊ शिंगरं

मित्रांनो, मी एक म्हातारी घोडी आहे. जाणकार माणूस माझे दात पाहून वय एकोणीस सांगेल आणि ते खोटं ठरणार नाही. लोह्यापासून थोड्या अंतरावर, रस्त्याला लागून एक मोठी पागा आहे. बावीस घोड्या, दोन वळू घोडे आणि दर साली नवी शिंगरं. दाराशी गाड्या सारख्या उभ्या. कुणी भोकरहून आलेलं असतं, कुणी उदगीरहून, कुणी थेट तेलंगणातून घोडी ट्रकात घालून आणतं. या गडबडीतच माझा जन्म झाला आणि माझं सारं आयुष्यही इथंच गेलं.

माझं नाव मासोळी. जन्मले तेव्हा मी इतकी बुळबुळीत होते, की पंचफुलाबाईच्या हातातून दोनदा निसटले. "पोरगी हाय का मासोळी गं ही?" असं ती हसून म्हणाली, आणि तेच नाव पडलं. पंचफुलाबाई मूळची गवत कापायला आलेली. पण एकदा एक घोडी अडली असताना तिनं हात लावला आणि शिंगरू सुखरूप बाहेर काढलं. तेव्हापासून पागेतली प्रत्येक घोडी तिच्याच हातांवर व्याली. खरारा तीच करायची, हरभऱ्याची चंदी तीच भिजवायची, रोगट घोडं चारा का खात नाही हे तिलाच आधी कळायचं. सुट्टी ती वर्षातून एकच दिवस घेई, बुद्धपौर्णिमेला. तीही अर्धी. संध्याकाळी पांढऱ्या लुगड्यातच परत येऊन ती पाण्याचे हौद बघायची.

मी तीन वर्षांची झाले तेव्हा व्यंकटनं माझ्या पाठीवर खोगीर चढवलं. व्यंकट आमचा चाबुकस्वार, म्हणजे घोड्यांना चाल शिकवणारा. नाव चाबुकस्वार असलं तरी मी त्याच्या हातात चाबूक क्वचितच पाहिला. तो देगलूरकडचा, त्यामुळे घोड्यांशी अर्धं तेलुगूत बोलायचा. "पद, पद" म्हणाला की चालायचं, "आगु" म्हणाला की थांबायचं. त्यानं मला रेवाल चाल शिकवली. या चालीत घोडं वाऱ्यासारखं जातं, पण त्याची पाठ हलत नाही. स्वाराच्या हातात पाण्याचा भरलेला पेला द्या, थेंब सांडणार नाही. दोन वर्षं रोज पहाटे मी काळ्या मातीच्या धावपट्टीवर हेच केलं.

माळेगावच्या जत्रेत मी चार वर्षं उतरले आणि तीनदा पहिली आले. लोकांनी माझ्या कपाळाला भंडारा लावला. पागेचे जुने मालक गुरुपादप्पा तेव्हा हयात होते. त्यांनी माझ्या गळ्यात स्वतःच्या हातानं घुंगरमाळ बांधली. सगळीकडे माझं नाव झालं. मला मात्र त्या गर्दीतून बाहेर पडून ओल्या गवतात तोंड घालावंसं वाटे.

चौथ्या वर्षी धावताना पुढचा डावा पाय एका खड्ड्यात गेला. शीर सुजली. ती उतरली, पण चाल पुन्हा सपाट झाली नाही. व्यंकटनं महिनाभर पायाला मातीचा लेप लावला आणि मग एक दिवस खोगीर माझ्यासमोरूनच दुसऱ्या घोडीकडे नेलं. जाताना त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही.

अप्पा गेले आणि पागा त्यांच्या मुलाकडे, मल्लिनाथकडे आली. मल्लिनाथ वाईट माणूस नाही, हे आधीच सांगते. घोड्यांचं त्याला वेड आहे. कुठल्या घोड्याची आई कोण, आजी कोण, हे तो चार पिढ्यांपर्यंत तोंडपाठ सांगतो. पण त्याच्या कानाचा फोन कधी सुटत नाही. जेवायला बसला तर भाकरी अर्धी टाकून उठतो, कारण दारात गिऱ्हाईक उभं असतं. तो म्हणाला, "मासोळी पळाली न्हाई तरी चालंल. तिची शिंगरं पळतील."

आणि ती पळाली. माझं पहिलं शिंगरू आठ वर्षांपूर्वी... नाही, दहा-अकरा वर्षांपूर्वी झालं असेल. मला वर्षांचा हिशेब नीट राहत नाही. एक पोटात असे तेव्हा दुसरं अंगाशी असे. घोडी अकरा महिने गाभण राहते. व्याल्यावर नवव्या दिवशी तिला पुन्हा माज येतो आणि पागेवाले बहुधा त्याच दिवशी तिला पुन्हा वळूकडे नेतात. म्हणजे वर्ष वाया जात नाही. मल्लिनाथनं माझं एकही वर्ष वाया जाऊ दिलं नाही.

सहा महिन्यांचं झालं की शिंगरू जायचं. पहिल्या वेळी ट्रक निघाला तेव्हा मी कुंपणाच्या कडेनं शेवटच्या खांबापर्यंत धावले. तिथं उभी राहून इतकी खिंकाळले, की माझा घसा बसला. तीन दिवस आचळं दुधानं दगडासारखी झाली होती. पंचफुलाबाई कोमट पाण्याच्या फडक्यानं शेकत बसायची. दुसऱ्या, तिसऱ्या वेळीही मी धावले. पाचव्या वेळी निम्म्यातच थांबले. सातव्या वेळी मान वर करून फक्त पाहिलं.

मल्लिनाथ पाहुण्यांना कौतुकानं सांगायचा, "बगा, किती शहाणी घोडी हाय. आता तरास न्हाई देत." एकदा त्या वेळी पंचफुलाबाई लीद भरत होती.  पाटी तिनं जरा जोरातच आदळली.

नववं शिंगरू गेल्याच्या गेल्या चैत्रात झालं. घोड्या बहुधा रात्री एकांतात वितात, पण माझं पोट त्या दिवशी भरदुपारी दुखू लागलं. मी आडवी पडले. कळा येत होत्या, पण पुढं काही सरकत नव्हतं. पंचफुलाबाईनं पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला. शिंगराचे दोन पाय आणि नाक एकत्र दिसायला हवेत. तिला एकच पाय दिसत होता. दुसरा गुडघ्यात मुडपून आत अडकला होता.

"दादा, डॉक्टरबाईला फोन लावा! एक पाय मागं राहिलाय!"

मल्लिनाथ हातातलं काम टाकून धावत आला. त्यानं शिवांगी डॉक्टरला फोन लावला. ती आमची जनावरांची डॉक्टर, लोह्यातच राहणारी. तिनं फोनवरच सांगितलं, "तिला पडून राहू देऊ नका. उठवा आणि चालवा. म्हणजे शिंगरू थोडं आत सरकेल. मी निघाले."

पण माझ्यात उठण्याचं त्राणच नव्हतं. मित्रांनो, खरं सांगते, मला तिथंच पडून राहावंसं वाटलं. पंचफुलाबाईनं माझं डोकं मांडीवर घेतलं आणि कानाशी बोलली, "ऊठ गं माय. मला म्हाईत हाय तू दमलीस. एवढ्या येळी ऊठ." व्यंकटनं मागून आधार दिला. मी उठले. त्या बाईनं मला वीस मिनिटं उन्हात गोल गोल चालवलं. तिचे गुडघे दुखायचे, तरी ती माझ्याबरोबर पावलाला पाऊल लावून चालली.

शिवांगीनं आल्या आल्या हात धुतले, शिंगरू आत ढकललं, अडकलेल्या पायाचा खूर मुठीत झाकून हळूच पुढं ओढला. मग सगळं एकदम झालं. गवतावर एक लांब पायांचं मादी शिंगरू थरथरत पडलं होतं. जिवंत होतं. मल्लिनाथच्या डोळ्यांत पाणी आलं, ते मी पाहिलं.

हात पुसत शिवांगी म्हणाली, "आतून इजा झालीये, सूजही खूप आहे. हा माज सोडून द्या. खरं तर हे वर्षच सोडा. ही घोडी थकली आहे."

मल्लिनाथनं मान हलवून "हाव" म्हटलं. पण तेवढ्यात त्याचा फोन वाजला.

नवव्या दिवशी सकाळी तो माझ्या ठाणापाशी आला. मी चारा खात होते. शिंगरू पीत होतं. त्याला सगळं ठीक दिसलं.

"मावशी, मासोळीला आणा. व्यंकटमामा शहाबाजला बाहेर काढून राहिलेत."

शहाबाज म्हणजे आमचा काळा वळू. पंचफुलाबाईनं माझी दोरी हाताला गुंडाळली. "न्हाई आणत," ती म्हणाली.

मल्लिनाथला आपण चुकीचं ऐकलं असं वाटलं. या बाईनं त्याला लहानपणी घोड्यावर बसवलं होतं. इतक्या वर्षांत तिनं कुठल्या कामाला नाही म्हटलं नव्हतं.

"मावशी, उदगीरचे लोक वरीसभर थांबलेत. त्यायला मासोळीचंच शिंगरू पाहिजे. मी शब्द देऊन बसलो."

"डॉक्टरबाई काय म्हणाल्या ते तुमी आईकलं न्हाई का?"

"आईकलं. पण आता बरी दिसती की. चारा खाती."

पंचफुलाबाई खालच्या आवाजात म्हणाली, "दादा, माझं चौथं लेकरू झालं, तवा नवव्या दिशी मी कापूस येचाया गेले. मी बी भाकर खात होते. सगळ्यायला बरीच दिसत होते. त्या दिवसापून माझी कंबर सरळ झाली न्हाई. कुनाला सांगितलं न्हाई, म्हनून कुनाला कळलं न्हाई."

मल्लिनाथ जमिनीकडे पाहत उभा राहिला. पण दिलेला शब्द त्याच्या डोक्यातून जाईना. त्यानं हळूच तिच्या हाताची दोरी सोडवली. तिनं झटापट केली नाही. ती भिंतीला टेकून खाली बसली आणि पदरानं तोंड पुसू लागली.

तो मला घेऊन निघाला. मी निघाले. मागे माझं शिंगरू ओरडत होतं. पुढे शहाबाज खिंकाळत, खूर आपटत उभा होता. जिची इच्छा नसते ती घोडी अशा वेळी कान मागे टाकते, किंचाळते, लाथा झाडते. म्हणून तर मागच्या पायांना दोर बांधतात. मी काहीच केलं नाही. ते थांबले तिथं थांबले आणि मान खाली घातली.

व्यंकटनं शहाबाजला जवळ आणलं, आणि मग एकाएकी त्याचा लगाम आवरून तो जागीच उभा राहिला.

"काय झालं मामा?" मल्लिनाथनं विचारलं.

"मालक, हिला मी शिकवली हाय," व्यंकट म्हणाला. "खोगीर जरा तिरकं पडलं तर ही मला चावायची. आज काहीच म्हनंना गेली. राजी हाय म्हनून न्हाई. नको म्हनायला बी अंगात जीव लागतो, तेवढा बी हिच्यात राहिला न्हाई. मी घोडा सोडत न्हाई. तुमाला सोडायचा तर तुमी सोडा."

त्यानं शहाबाजची दोरी मल्लिनाथपुढे धरली.

मल्लिनाथनं ती घेतली नाही. तो माझ्या समोर आला. कितीतरी वर्षांनी त्यानं माझ्या तोंडाकडे पाहिलं असेल; एरवी तो माझ्या पोटाकडेच पाहायचा. त्याचा फोन वाजू लागला. वाजून वाजून बंद झाला. मग तो म्हणाला, "मामा, शहाबाजला आत न्या," आणि मला त्यानं स्वतः माझ्या शिंगराकडे परत आणलं.

दुपारी त्यानं उदगीरला फोन केला. "या साली न्हाई जमणार. न्हाई, पुढच्या साली बी न्हाई. घोडी थकली." पलीकडचा माणूस मोठमोठ्यानं बोलत होता. मल्लिनाथ नुसतं "हाव, चूक माझीच" म्हणत राहिला. त्या लोकांनी नंतर पागेत पाय ठेवला नाही. पंचफुलाबाई आणि तो चार दिवस एकमेकांशी बोलले नाहीत. पाचव्या दिवशी त्यानं येऊन विचारलं, "मावशी, हिची चंदी वाढवायची का?" ती म्हणाली, "वाढवली मी. तुमी इचाराया लई येळ लावला."

माझी ती शेवटची मुलगी सहा महिन्यांची झाली आणि भोकरला गेली. तुम्हाला वाटलं असेल, ती माझ्याजवळ राहिली असेल. पागा ती पागाच. त्या वेळी मात्र मी पुन्हा कुंपणाच्या शेवटच्या खांबापर्यंत धावले. दुखऱ्या पायानं, लंगडत, पण धावले. पंचफुलाबाई रडलीही आणि हसलीही.

आता मला एक वेगळं काम आहे. आईपासून तोडलेली शिंगरं माझ्या वाड्यात सोडतात. पहिल्या दिवशी ती भिंतींवर धडका देतात, ओरडतात. मी नुसती उभी राहते. मग एकेक करून ती माझ्या कुशीला येऊन टेकतात. हौदाचं पाणी कसं प्यायचं, वाजणाऱ्या ट्रॅक्टरला का भ्यायचं नाही, हे ती माझ्याकडे बघून शिकतात. मल्लिनाथनं आता ठरवलं आहे, की तीन वेळा व्यालेल्या घोडीला एक वर्ष मोकळं सोडायचं. हा नियम कधी पाळला जातो, कधी गिऱ्हाईक जोराचं असलं की मोडतो. मोडतो तेव्हा पंचफुलाबाई पुन्हा दोरी हाताला गुंडाळते.

मित्रांनो, माझा थकवा गेलेला नाही. इतक्या वर्षांचा शीण दोन वर्षांत जात नसतो. पण मला विसावा मिळाला, कारण माझ्यासाठी भांडणारं कुणीतरी होतं. जो गप्प राबतो त्याला काही दुखत नाही, असं समजू नका. ज्याची कधी तक्रार नसते, त्याच्याकडे जरा जास्तच लक्ष द्या.

आज सकाळी पंचफुलाबाई चंदीची पाटी घेऊन आली, तेव्हा वाटेत दोनदा थांबली. तिचे गुडघे फार सुजले आहेत. पाटी ठेवून ती माझ्या ठाणापाशी बसली आणि तिला पटकन उठता येईना. आजूबाजूनं माणसं जात-येत होती. मल्लिनाथही गेला. तिनं कुणाला हाक मारली नाही.

मला बोलता येत नाही, मित्रांनो. तुम्हाला येतं. कुणीतरी तिला विचारा.